घंटागाडीत टाकू नये असं काही

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात, धर्मसती गंडामन नावाच्या गावात, शाळेत शिजवलेलं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तपासात पुढे आलं ते असं, की स्वयंपाकाचं तेल ज्या डब्यात ठेवलं होतं, तो आधी या औषधाचा डबा होता. कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी घरात तो डबा रिकामा झाला होता, आणि ज्याने रिकामा केला त्याच्या लेखी त्याचं काम तिथे संपलं होतं.

घरातल्या घातक कचऱ्याचा प्रश्न आपण बहुतेक वेळा ‘हे कुठे टाकायचं?’ असा मांडतो. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. खरा प्रश्न असा आहे, की हे आपल्या हातातून सुटल्यावर पुढे कुणाच्या हाती लागणार? महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत त्याचं उत्तर ठाऊक आहे. घंटागाडीवरचा कामगार, वर्गीकरणाच्या शेडमध्ये बसून पिशव्या उघडणारी बाई, भंगारवाला, आणि शेवटी कचरा डेपोवर पोटासाठी फिरणारी माणसं. बहुतेकांच्या हातात मोजे नसतात, आणि असले तरी सुईने भोसकतील असेच असतात. या कचऱ्याचं वजन घरातल्या एकूण कचऱ्याच्या मानाने अगदी थोडं. पण बाकीचा सगळा कचरा हाताळणाऱ्यासाठी धोक्याचा करायला तेवढा पुरतो.

कायद्याला हे कळलेलं नाही असं मुळीच नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी घराघरांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग सांगितले. तिसऱ्या भागात काय मोडतं याची यादीही दिली. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, तारीख उलटलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज. त्याच नियमांनी नगरपालिका-महानगरपालिकांवर जबाबदारी टाकली, की दर २० चौरस किलोमीटरला या कचऱ्याचं एक संकलन केंद्र उभारा आणि त्याच्या वेळा जाहीर करा. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी हे तीन भाग चार केले आहेत. सॅनिटरी कचरा आता वेगळा धरला आहे, आणि दिवे, औषधं, थर्मामीटर, रंगाचे डबे यांना ‘विशेष काळजीचा कचरा’ म्हटलं आहे.

दहा वर्षं नियम असूनही ‘आमच्या प्रभागातलं केंद्र अमुक ठिकाणी आहे’ असं चटकन सांगणारं घर मला क्वचितच भेटलं आहे. लोकांना पर्वा नाही, असा निष्कर्ष यातून काढणं अन्यायाचं होईल. कितीतरी घरांत स्वयंपाकघराच्या एका खणात जुने सेल, माळ्यावर दोन ट्यूबलाइट आणि औषधांच्या डब्यात तीन वर्षांपूर्वीची पातळ औषधं पडून असतात, ती टाकवत नाहीत म्हणूनच. ज्याला काळजी आहे त्यालाच रस्ता सापडत नाही, हे या विषयातलं सगळ्यात मोठं अपयश आहे.

आता एकेका वस्तूकडे येऊ. पाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल गैरसमजही फार आहेत.

एका सीएफएल दिव्यात साधारण ५ मिलीग्रॅम किंवा त्याहून कमी पारा असतो. जुन्या पद्धतीच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शंभराहून जास्त दिव्यांइतका. डॉक्टरांकडे पूर्वी असायचं त्या पाऱ्याच्या रक्तदाब-यंत्रात शंभर ग्रॅमच्या घरात. पारा खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो. ती वाफ श्वासातून जाते आणि मज्जासंस्थेवर परिणाम करते. लहान मुलं आणि गर्भवती स्त्रिया यांना तिचा धोका अधिक. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं सूक्ष्मजीवांमुळे मिथाइल पाऱ्यात रूपांतर होतं, आणि तो माशांमध्ये साठत जातो. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली उघडकीला आलेला आजार हा त्याचाच होता. त्या गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. आता दुकानांत बहुतेक डिजिटल थर्मामीटर मिळतात, आणि २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. एलईडीत पारा नसतो. पण याचाच दुसरा अर्थ असा, की त्या एलईडींनी ज्यांची जागा घेतली ते दिवे कुठेतरी गेले, आणि त्यांतले सीएफएल बहुतांशी साध्या कचऱ्यातूनच गेले असणार.

घरात असा दिवा फुटला, तर घाबरून झाडू हातात घेणं हीच पहिली चूक. झाडूने आणि व्हॅक्यूम क्लीनरने पारा पसरतो. मुलांना आणि मांजर-कुत्र्यांना बाहेर न्यावं, खिडक्या उघडाव्यात, एसी बंद करावा आणि दहा मिनिटं त्या खोलीत जाऊ नये. मग जाड पुठ्ठ्याने काचा गोळा कराव्यात, बारीक भुकटी चिकटपट्टीने उचलावी, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसावी, आणि हे सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करावं. थर्मामीटर फुटला तर हातातल्या अंगठ्या, बांगड्या आधी काढून ठेवाव्यात. पारा सोन्याला धरतो आणि दागिना पांढरा पडतो. पाऱ्याचे थेंब पुठ्ठ्याने एकत्र आणून, सुई नसलेल्या सिरिंजने ओढून थोडं पाणी असलेल्या बरणीत घ्यावेत. मोरीत किंवा बेसिनमध्ये काहीही ओतू नये. पारा तिथल्या वळणदार नळीत बसून राहतो.

दिव्यांचं नीट काही करता येतच नाही, असंही नाही. बंद यंत्रात ट्यूब फोडून काच, ॲल्युमिनियमची टोपणं आणि आतली पांढरी भुकटी वेगळी करतात, मग तापवून पारा बाहेर काढून थंड करतात. जपानच्या होक्काइदो बेटावर इतोमुका इथे पूर्वी पाऱ्याची खाण होती. खाण बंद झाली, आणि त्याच जागी आता देशभरातल्या ट्यूब आणि बॅटऱ्यांमधून पारा परत मिळवला जातो. मिनामाता शहरानेही १९९३ पासून घरोघरचा कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करायला सुरुवात केली. ज्या गावाने पाऱ्याची किंमत मोजली, त्या गावाने कचऱ्याकडे असं पाहावं हे मला फार मोलाचं वाटतं.

औषधांची गोष्ट वेगळी आहे. इथे सल्लेही एकमेकांना छेद देतात. तारीख उलटलेल्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडावं असं पुष्कळ जण करतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं अशी रसायनं काढून टाकण्यासाठी बांधलेली नसतात. प्रतिजैविकं नदीत गेली की त्यांना दाद न देणारे जंतू तयार व्हायला मदत होते. तरीही केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधांची एक यादी दिली, आणि ही औषधं मात्र फ्लशच करावीत असं सांगितलं. त्यात फेंटानिल, ट्रामाडॉल, डायझेपामसारखी वेदनाशामक आणि गुंगीची औषधं आहेत. कारण स्पष्ट आहे. यांतली काही औषधं चुकून दुसऱ्याच्या, विशेषतः मुलाच्या, तोंडात गेली तर एकच मात्रा जीव घेऊ शकते. पर्यावरणाचा तोटा आणि जिवाचा धोका यांत इथे जिवाचं पारडं जड धरलं आहे. कर्करोगाच्या रुग्णाची घरी शुश्रूषा झाली असेल, तर अशी औषधं हमखास मागे राहतात. म्हणून ही यादी घरातल्या एकाला तरी माहीत हवी. बाकी औषधं मात्र फ्लश करू नयेत.

ती कुठे द्यायची याचं सर्वांत चांगलं उत्तर सध्या केरळने दिलं आहे. तिथल्या औषध नियंत्रण विभागाने ‘एनप्राउड’ नावाच्या उपक्रमात कोझिकोडपासून सुरुवात करून, घरातली न वापरलेली औषधं गोळा करून ती शास्त्रीय पद्धतीने जाळण्याची सोय केली. महाराष्ट्रात औषधांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. प्रत्येक दुकानात एक कुलूपबंद पेटी ठेवणं आणि महिन्याला ती उचलणं अशक्य नाही. ते होईपर्यंत दुय्यम उपाय हाच, की गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवाव्यात, पिशवी घट्ट बांधावी, पाकिटं आणि पत्र्या फाडून वेगळ्या द्याव्यात. पूर्ण पाकिटं तशीच कचऱ्यात गेली तर ती कुणीतरी उचलून पुन्हा विकू शकतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या सुयांबद्दल एकच सांगतो. सुईला परत टोपण लावू नये, आणि ती जाड प्लास्टिकच्या, सहज न भोसकल्या जाणाऱ्या बरणीत टाकावी. डिटर्जंटची रिकामी बरणी चालते. वर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरात लिहावं. आपले डॉक्टर किंवा जवळचं रुग्णालय ती बरणी घेतं का हे विचारावं, कारण त्यांच्याकडचा जैववैद्यकीय कचरा न्यायला रोज गाडी येतच असते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर हे रूढ अर्थाने विषारी नाहीत, पण घातक कचऱ्याच्या चर्चेत ते बाजूला ठेवणं मला पटत नाही. कारण वर्गीकरण हाताने होतं. २०१६ च्या नियमांनी ते कागदात किंवा पाउचमध्ये गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका म्हटलं, आणि सुका कचराच माणसं उघडून वेचतात. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हा प्रश्न सगळ्यांत आधी आणि ठामपणे मांडला. ही संस्था कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिली आणि २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. २०१३ साली तिच्या सदस्यांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून उत्पादक कंपन्यांकडेच परत पाठवले. मागणी साधी होती. प्रत्येक पॅडबरोबर ते गुंडाळायला वेष्टन द्या, आणि विल्हेवाटीच्या खर्चाचा वाटा उचला. पुढे २०१६ च्या नियमांत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. ‘स्वच्छ’ने जुन्या वर्तमानपत्राच्या खास पिशव्या बनवून विकल्या, आणि गुंडाळलेल्या पुडीवर लाल ठिपका काढा असं आवाहन केलं. तो ठिपका दिसला की कचरा वेचणारी बाई ती पुडी न उघडताच बाजूला ठेवते. एका ठिपक्याने एका माणसाची रोजची मानहानी थांबते. इतक्या स्वस्तात इतकं मोठं काम क्वचितच होतं.

इथे सोसायट्या, शाळा आणि वसतिगृहांत बसवलेल्या छोट्या जाळण्याच्या यंत्रांबद्दल सांगितलं पाहिजे. ती सोयीची वाटतात, पण मला त्यांचा भरवसा वाटत नाही. जैववैद्यकीय कचरा जाळणाऱ्या भट्टीला पहिल्या कप्प्यात ८०० आणि दुसऱ्यात १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि किमान ३० मीटर उंच धुराडं लागतं. पॅडमध्ये प्लास्टिक आणि पाणी शोषणारं पॉलिमर असतं. कमी तापमानात ते अर्धवट जळतं, आणि धूर शाळेच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून मुलींच्याच वर्गात जातो. मुंबई महापालिकेने एप्रिल २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी संकलन सेवा सुरू केली. सोसायट्या, वसतिगृहं, ब्यूटी पार्लर यांनी नोंदणी करायची, आणि महापालिकेची गाडी तो कचरा वेगळा उचलून नेणार. हाच मार्ग योग्य आहे. आपली सोसायटी अजून नोंदलेली नसेल, तर पुढच्या सभेत हा विषय घ्यावा.

बॅटऱ्यांत दोन टोकं आहेत. रिमोटमधल्या पेन्सिल सेलला भंगारात किंमत नाही, म्हणून तो ओल्या कचऱ्यातही सापडतो. इन्व्हर्टरच्या, गाडीच्या शिशाच्या बॅटरीला मात्र चांगली किंमत येते, म्हणून ती कधीच कचऱ्यात जात नाही. आणि धोका जास्त आहे तो याच दुसरीत. भंगारवाला पैसे जास्त देतो, बॅटरी पुढे एखाद्या आवारात जाते, तिथे ती कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड जमिनीवर ओततात आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंता वाटावी इतकं शिसं आहे, आणि भारतातल्या अशा मुलांची संख्या २७ कोटींच्या वर आहे. यामागची कारणं अनेक आहेत. उघड्यावर होणारं बॅटरीचं भंगारकाम हे त्यांतलं एक मोठं. म्हणून जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानातच बदल्यात द्यावी, आणि बिलावर तशी नोंद मागावी. शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील.

मोबाइल, पॉवर बँक, इलेक्ट्रिक खेळणी यांतल्या लिथियम बॅटऱ्यांचा धोका वेगळा. त्या दाबल्या गेल्या किंवा त्यांना भोक पडलं की पेट घेतात. कचरा दाबणाऱ्या कॉम्पॅक्टर गाडीत अशी एक बॅटरी पुरेशी असते. फुगलेली बॅटरी टोचू नये, चार्ज करू नये. कोरड्या वाळूत, पत्र्याच्या डब्यात, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. साठवलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. घड्याळातल्या चपट्या बटन सेलबद्दल तर प्रत्येक आजी-आजोबांना सांगायला हवं. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह असतं ते त्यासाठीच. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांचंही सूत्र हेच. पुण्यात पूर्णम इकोव्हिजन या संस्थेचं ‘ई-यंत्रण’ अभियान अशा वस्तू मोठ्या प्रमाणावर गोळा करतं. आपल्या गावात असं काही नसेल, तर निदान वायरी तांब्यासाठी जाळणाऱ्याला देऊ नयेत.

रंग, थिनर, टर्पेंटाइन, गाडीचं जुनं तेल यांचं थोडक्यात सांगतो. उरलेला रंग गटारात ओतू नये. शेजाऱ्याला, शाळेला द्यावा. तेल गॅरेजवाल्याकडे जमा करावं. जुन्या घराचा रंग खरवडणार असाल तर एक खबरदारी घ्यावी. रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून कोरड्यानेच घासू नये, पाणी मारून खरवडावं, आणि तेवढे दिवस मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

शेतीच्या औषधांचे डबे हा ग्रामीण महाराष्ट्राचा घरगुती घातक कचरा आहे, आणि शहरी चर्चेत तो जवळजवळ नसतोच. १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. आजच्या जाड प्लास्टिकच्या बाटल्यांना तो नियम पुरा पडत नाही. पुरलेलं प्लास्टिक दुसऱ्याच नांगरटीला वर येतं. डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, मग डब्याला भोकं पाडायची, एवढं शेतकऱ्याला करता येतं. त्यानंतर तो डबा कृषी सेवा केंद्राने परत घ्यायला हवा. ज्या दुकानातून गाडीभर बाटल्या गावात येतात, त्याच दुकानातून त्या परत जाऊ शकतात.

पुढच्या टप्प्याच्या सोयी राज्यात आहेत. तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे, तो सुरक्षित पुरणारे प्रकल्प उद्योगांसाठी कित्येक वर्षं चालू आहेत. गोव्यात पिसुर्लेला असाच प्रकल्प आहे. रांजणगाव पुण्याहून ५० किलोमीटरवर आहे. म्हणजे अडचण भट्टीची नाही, दारापासून त्या भट्टीपर्यंत नेणाऱ्या पहिल्या टप्प्याची आहे. केंद्र बांधून लोकांनी तिथे यावं, ही कल्पना चालत नाही असं माझं मत झालं आहे. दोन सेल आणि एक बल्ब घेऊन कुणी रिक्षा करत नाही. त्याऐवजी महिन्यातून एक ठरलेला वार ठेवावा, त्या दिवशी नेहमीच्याच घंटागाडीला एक लाल पेटी असावी, आणि ती उघडण्याचं प्रशिक्षण व पैसे त्याच कामगारांना मिळावेत. वेंगुर्ल्याने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घराच्या दारातूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली, आणि तिथली कचऱ्याची जागा लोक पाहायला येऊ लागले. पणजीने सुक्या कचऱ्याचे बारीक भाग पाडून सोळा प्रकार केले. छोट्या शहरांना हे जमतं, कारण तिथे मुकादम घरं ओळखतो आणि घरं मुकादमाला. मोठ्या शहरांतही प्रभाग छोटेच असतात. प्रभाग कार्यालयात जाऊन ‘आमच्या भागात हा कचरा कुठल्या दिवशी उचलता?’ असं लेखी विचारावं, आणि लेखी उत्तर मागावं. १ एप्रिल २०२६ नंतर हे विचारण्याला नव्या नियमांचा आधार आहे.

तो दिवस ठरेपर्यंत या वस्तू घरात नीट ठेवाव्या लागतील. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, झाकणाच्या वेगळ्या खोक्यात, प्रत्येक वस्तू तिच्या मूळ डब्यात आणि मूळ लेबलसकट. पेयाच्या बाटलीत फिनेल, थिनर किंवा कीटकनाशक कधीही काढून ठेवू नये. उरलेली द्रावणं जागा वाचवायला एकत्र ओतू नयेत. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि छोट्या बंद बाथरूममध्ये तो काही मिनिटांत गुदमरवू शकतो. खोक्यावर बाहेरून आत काय आहे ते लिहावं, आणि घर बदलताना ते खोकं सामान नेणाऱ्यांच्या हाती न देता स्वतः न्यावं.